भिंतीवर चढणारी बोटं

सुंदरबाईच्या परसातल्या भिंतीला अख्खी गल्ली देवीचं ठाणं समजत होती, आणि सुंदरबाईने दहा वर्षांत तोंडातून ब्र काढला नव्हता. फुकटचं देवपण कोणाला नको असतं?

खरी गोष्ट निराळी होती. त्र्याऐंशी साली धुळ्याच्या दवाखान्यात कॅन्सरमुळे तिचा उजवा स्तन काढला. गावात एवढंच सांगितलं, की गाठ काढली. कुठली, ते कोणी विचारलं नाही, घरच्यांनीही सांगितलं नाही. ऑपरेशननंतर उजवा हात कमरेच्या वर जाईना. तेव्हा दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या चौधरीबाईंनी तिला भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी भिंत चढायची, जिथवर पोचतील तिथे खूण करायची, दुसऱ्या दिवशी जमेल तेवढं वर जायचं. "आणि जखम भरली म्हणून थांबायचं नाही हं. रोज अर्धा तास, जन्मभर," बाई म्हणाल्या.

सुंदरबाई घरी आली आणि गेरूचे ठिपके देत भिंत चढू लागली. पण शेतकऱ्याच्या घरात सुनेने सकाळच्या पारी अर्धा तास भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं म्हणजे काय? चारा, पाणी, भाकरी, सगळी कामं तिच्या नावाने हाका मारायची. आठवडाभरात व्यायाम बारगळला.

मग एके सकाळी ठिपक्यांच्या शेजारी कोणीतरी कुंकवाची पाच बोटं ओढलेली दिसली. दुपारपर्यंत गल्ली गोळा झाली. "देवीनं ठानं शे व माय!" पुढे सुंदरबाई भिंतीशी उभी असली की तिला हाक मारायची कोणाची छाती झाली नाही. ठिपके चढत चढत डोक्याच्या वर गेले, हात पूर्ण उठला, आणि श्रेय देवीने घेतलं. सुंदरबाई गप्प राहिली. सासू, झुंबरबाई, मोठी देवभोळी. भिंतीवर देवी नाही, नुसता व्यायाम आहे, हे तिला कळलं तर घरात राहू देईल की नाही, हीच धास्ती.

त्र्याण्णवच्या चैत्रात शेजारची धुरपदाबाई नारळ घेऊन परसात आली. चाळिशीची, कामाला वाघीण. इकडेतिकडे बघत म्हणाली, "अक्का, चार महिना व्हयनात, छातीमा गाठ शे. दुखत बी नही. देवीले सांग ना व मनाकरता."

सुंदरबाईने तिच्या हातातला नारळ काढून बाजूला ठेवला. "डॉक्टरले दखाडं का?"

"नही व माय. कापी टाकतस, मंग हात लुळा पडस. हात गया त मना घरमा कोन करी? देवीच बरी."

आता गप्प बसणं म्हणजे बाईचा जीव घेणं होतं. सुंदरबाईने परसाचं दार लोटलं आणि चोळीची गाठ सोडली. नवऱ्याखेरीज कोणी न पाहिलेला तो लांब व्रण तिने धुरपदाला दाखवला. मग तोच उजवा हात सरळ आभाळाकडे नेला.

"आठे देवी नही शे, धुरपदा. डॉक्टरनी कापं म्हनीसन मी जित्ती शे, आनि रोज भिंत चढनू म्हनीसन हात शे. मागली आखाजीले मना घरना मांडा खाधात ना? ते याच हातवर मोठा करेल व्हतात."

धुरपदाने तो हात धरून पाहिला. अक्षय्य तृतीयेचा तो पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत चुलीवरच्या मातीच्या खापराएवढा करणं म्हणजे काय कष्ट, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. घराच्या दारात झुंबरबाई उभी. सगळं ऐकलेलं. सुंदरबाईने घाईने पदर ओढला.

"आत्याबाई, मी खोटं..."

"चूप. माले दहा वरीसपाईन माहीत शे. दवाखानामा तुनाजोडे मीच व्हतू ना? बाईनी सांगेल मीबी दारबाहेरथाईन आयकेल व्हतं." म्हातारी खाटेवर टेकली. "ते पहिलं कुकू मीच लायेल व्हतं. रिकामी हुबी ऱ्हायेल सून कोनले खपस? देवीसमोर हुबी ऱ्हायनी, त कोन काय बोलस?"

सुंदरबाईला रडू आवरेना. दहा वर्षं ती जिला भीत आली होती, तिनेच रोजचा अर्धा तास तिच्या पदरात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी अमळनेरहून पहिल्या एस.टी.ने सुंदरबाई धुरपदाला घेऊन धुळ्याला गेली. गाठ वाईटच निघाली, पण वेळेत सापडली. ऑपरेशन झालं. चौधरीबाईंचे केस आता पांढरे झाले होते. असल्या ऑपरेशननंतर पुढे कधीही हात सुजू शकतो, म्हणून त्यांनी फीत घेऊन सुंदरबाईचे दोन्ही हात मोजले. सूज नाही, फरक नाही.

"दहा वर्षं रोज केलंस? अगं, बाकीच्या दोन महिन्यांत सोडतात."

"बाई, हात तुम्ही दिला," सुंदरबाई म्हणाली, "आणि आत्याबाईंनी तो राखला. तुम्हा दोघींचं ऋण मला या जन्मी फिटायचं नाही."

धुरपदा घरी परतली, तेव्हा तिचीही बोटं कमरेशीच अडत होती. पहिल्याच सकाळी ती स्वतःच्या अंगणातल्या भिंतीशी उभी राहिली आणि आतून तिच्या सासूची हाक आली, "धुरपदा, पानी कोन भरी?"

सुंदरबाई कुंपणाशीच थबकली. पण झुंबरबाई तिच्याआधीच, काठी टेकत, धुरपदाच्या अंगणात पोचली होती. पंचाहत्तर वर्षांची ती म्हातारी वाकली, काठी भिंतीला लावली आणि रिकामी कळशी उचलून कमरेवर घेतली.

"मी भरस," ती मोठ्याने म्हणाली. "तिनं काम चालू शे."

धुरपदाची सासू ओशाळून धावत बाहेर आली आणि कळशी हातातून काढून घेऊन स्वतः हापशाकडे चालती झाली. धुरपदाने डोळे पुसले आणि पुन्हा भिंतीवर बोटं टेकवली.