परतीचा खर्च

अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवल्याचा आवाज आला, तेव्हा डोर्सिला अपोंडीबाई जमिनीवर गुडघे टेकून दुसरी आफ्रिका डकवत होत्या. भिंतीवर लावायच्या नकाशात पॅसिफिक महासागर दोन्ही कडांना फाटलेला असतो, हे त्यांना शिकवायला लागल्यापासून खटकत आलं होतं. जगाला वळसा घालायचा तर समुद्र सलग हवा. म्हणून त्यांनी नकाशा अटलांटिकमध्ये कापला, दोन्ही अमेरिका उचलून जपानच्या पलीकडे नेल्या आणि एका जुन्या नकाशातली आफ्रिका कातरून अगदी उजव्या टोकाला लावायला घेतली. आता डावीकडे एक केनिया होता, निघायचा, आणि उजवीकडे एक, पोचायचा. मधली रेघ मलेशिया, फिलिपिन्स, फिजी अशी जाऊन समुद्रात थांबली होती. चिलीच्या किनाऱ्याला कसं लागायचं, ते किसुमू शहरातल्या तिकीट एजंटलाही अजून सापडलेलं नव्हतं.

रेघ वाकडीतिकडी होती, कारण अर्जात नवऱ्याचं नाव आणि मुलांची नावं विचारणारे देश बाईंनी वगळले होते. तुम्ही परत याल याला पुरावा काय, असं ते देश विचारतात. पहिल्या अर्जात बाईंनी त्या रकान्यात कोंबड्या लिहिण्याचा विचार केला होता, मग अर्जच फाडला.

खुर्च्यांचा आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. केंडू बे गावात माणूस कधी एकट्याने काही करत नाही. लग्न असो, कोणाचा पोरगा परदेशी शिकायला जाणार असो, नाहीतर मयत असो, आधी समिती बसते, अध्यक्ष होतो, खजिनदार होतो आणि मग बजेट निघतं. अशा कितीतरी समित्यांच्या खजिनदार अपोंडीबाईच. ना नवरा ना पोर, अक्षर चांगलं आणि वेळच वेळ, त्यामुळे हे काम आपसूक त्यांच्या गळ्यात पडायचं. पण त्यांच्या स्वतःसाठी समिती बसायचा प्रसंग कधी आलाच नव्हता. म्हणून किसुमूला जाण्याआधी त्यांनी वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष राडिंग यांना निरोप टाकला होता, की शनिवारी माझ्या घरी बजेटची बैठक बोलवा, सगळ्यांनी यावं. मग बसमध्ये फोनची बॅटरी संपली, आणि चार्जर घरीच राहिला होता. आज सकाळी त्या परतल्या, मागच्या दाराने आत आल्या आणि चहाचं मोठं पातेलं चढवून नकाशाला बसल्या.

आता बाहेर मंडपाचे खांब ठोकायला सुरुवात झाली. राडिंग जरा जास्तच मनावर घेतात, असं म्हणत बाई हसल्या. तेवढ्यात त्यांना धाकट्या भावाचा, ओबुयाचा आवाज ऐकू आला. वडिलांच्या घरात आता तोच राहत होता, आणि इस्टर सोडला तर तो इकडे फिरकत नसे. त्या खिडकीशी गेल्या.

"कुंपणाच्या बाहेर," ओबुया म्हणत होता. "लग्न न झालेल्या लेकीला कुंपणाच्या आत पुरत नाहीत. हे काही मी ठरवलेलं नाही."

"मग इथेच करा ना, तिच्याच प्लॉटवर," राडिंग म्हणाले. "पेरूचं झाड आहे, सावली आहे."

"इथे? उद्या कोणी विकत घेईल आणि वर कोंबड्यांचं खुराडं बांधील. बाहेर तर बाहेर, पण आमच्या जमिनीत."

कोण गेलं, म्हणून बाईंनी मनातल्या मनात नात्यातली सगळी माणसं पाहिली. त्या घराची लग्न न झालेली लेक एकच होती. पडद्याची कड धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. अंगण भरलं होतं. बायका कमरेला कांग्याचं कापड गुंडाळून साखर, चहापत्ती, सरपणाच्या मोळ्या घेऊन येत होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या. शाळेच्या जुन्या मुली होत्या, मासळीवाल्या होत्या, चर्चचा सगळा कॉयर होता. या घरात एवढी माणसं कधीच आली नव्हती. थोडा वेळ असंच आत राहावं, असं बाईंना वाटलं.

मग पातेल्यातला चहा उतू गेला, त्याचा आवाज बाहेर ऐकू गेला आणि त्यांना दार उघडावं लागलं.

कोणी किंचाळलं नाही. शेजारची ओगाडाची आई डोक्यावर मोळी घेऊन अगदी दारासमोर होती. तिने आधी मोळी खाली ठेवली, मग बाईंच्या दंडाला चिमटा काढून पाहिला.

"गरम आहे," ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली.

त्यानंतर जो तो रागावला. फोन का बंद होता, दाराला कुलूप का होतं, असा निरोप कोणी पाठवतं का? राडिंग तर घामाघूम झाले. माणूस गेलं की घरचंच कोणीतरी त्याच्या फोनवरून बैठकीचा निरोप टाकतं, शब्दही हेच असतात, बाईंनी स्वतः असे किती निरोप पाठवलेत, मग आम्ही दुसरं काय समजणार, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. बाईंना बैठक बोलवायचे दुसरे शब्द येत नव्हते. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि चहा वाटला. कप कमी पडले, तेव्हा ओगाडाच्या आईने घरून आणले.

मंडप उभा होता आणि त्याचं भाडं दिलेलं होतं, तेव्हा राडिंग यांनी बैठक सुरू केली. नकाशा मंडपाच्या खांबाला बांधला. बाई वर्गात उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या आणि एक वर्षाचा प्रवास त्यांनी सांगितला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतला. आपण नकाशात दोनदा कशाला, असं एका म्हाताऱ्याने विचारलं आणि उत्तर ऐकून मान डोलावली. मग ओगाडाच्या आईने हात वर केला.

"पण बाई, तिकडे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही."

हे ऐकून मंडपात सगळ्यांना वाईट वाटलं. कोणाची बहीण दोहात होती, कोणाचा मुलगा कॅनडात, तिकडे जायचं तर ठीक. जिथे आपलं माणूस नाही तिथे विमानाने कशाला जायचं? बरं, वर्गणी किती हवी, असं राडिंग यांनी विचारलं. पैसे आहेत, निवृत्तीचे साठवलेत, बाई म्हणाल्या.

"मग आम्हाला बोलावलं कशाला?"

एकदा तरी माझ्यासाठी बसा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण नकाशा वाऱ्याने फडफडत होता, तो त्या नुसत्याच धरून उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतली माणसं एकेक करून उठू लागली. एकीने आपल्या साखरेच्या पुड्याकडे पाहिलं, पण तो तिथेच राहू दिला.

तेव्हा ओबुया बोलला. तो इतका वेळ खाली मान घालून बसला होता.

"तिकडे तुला काही झालं तर?"

उठलेली माणसं थांबली. आणि मग समितीत जीव आला. राडिंग यांनी कोरा कागद मागितला. मेहुण्याचं प्रेत कॅनडाहून आणायला एकाला किती कागद लागले होते, ते त्याने सविस्तर सांगितलं. फिजीहून माणूस आणायला काय पडेल, यावर वाद झाला. समुद्रातून आणणं स्वस्त, असं मासळीवाल्या म्हणाल्या, आणि त्यांना बाकीच्यांनी गप्प केलं. बाईंना दोनदा उठून बोटाने अंतरं दाखवावी लागली. चिलीहून सगळ्यात महाग, असं ठरलं. तिथे जाऊ नये, असाही एक ठराव आला, तो राडिंग यांनी फेटाळला.

"हिला परक्या जागी पुरून कोणी यायचं नाही," ओबुया म्हणाला. "माझी तांबडी गाय लिहा."

त्याच्यामागे एक बोकड आला, मग चर्चची पेटी, मग मासळीवाल्यांची आठवड्याची भिशी. जितेपणीच्या प्रवासाला कोणी एक शिलिंग काढला नव्हता आणि मेल्यावर आणायला गोठे रिकामे होत होते. बाईंना हसू आलं. त्या खजिनदार नाहीत, अशी ही त्यांची पहिलीच बैठक. मोकळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.

दुपारी मंडप उतरला. सगळे गेल्यावर ओबुया मागे राहिला आणि त्याने खुर्च्या एकात एक घालून मंडपवाल्याच्या गाडीवर चढवल्या. मग बाई त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेल्या. कुंपणाचा विषय त्याने काढला नाही, त्यांनीही विचारलं नाही. मटाटू गाडीची वाट पाहत दोघं सावलीला उभे राहिले.

"ताई, किती लांब जाणार आहेस तू?"

"वळसा आहे रे. अर्ध्या वाटेपर्यंत लांब जायचं. त्यानंतर जितकं पुढे जाईन तितकी घराजवळच येईन."

ओबुयाने यावर बराच विचार केला. गाय विकायची की नाही, यावरही तो एवढा विचार करत नसे.

"म्हणजे अर्ध्यानंतर काळजी नाही."

"नाही."

मटाटू आली. तो आत चढला, खिडकीजवळची जागा मिळेपर्यंत त्याने दोघांना उठवलं आणि काच सरकवून बाहेर डोकं काढलं.

"पण अर्धं झालं की सांग हं. इथे आम्हाला कसं कळणार?"

"सांगते," बाई म्हणाल्या. गाडी तोवर वळणाला लागली होती. त्या घरी आल्या आणि आधी त्यांनी फोन चार्जिंगला लावला.