पडद्यावरचे बगळे

जावयाशी सरळ बोलायचं नाही, असं नक्षीबाईंनी काही ठरवलेलं नव्हतं. ते आपसूक होत गेलं. लग्नानंतर लेक आणि जावई त्यांच्याच घरी राहायला आले आणि पहिल्या दिवसापासून मधे लेक होती. "आईंना विचार, येताना भाजी आणू का," असं जावई बायकोला म्हणायचा. शेजारीच बसलेल्या आईला ते ऐकू जायचं आणि आई लेकीला सांगायची, "त्यांना म्हणावं, आणा." भांडण नाही, तंटा नाही. माणसांच्या बाबतीत दोघंही सारखीच भिडस्त, एवढंच.

मग लेकीला, ती नर्स होती, इस्पितळाने काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी पाठवलं. घरात सासू आणि जावई असे दोनच जीव उरले. पहिले दोन दिवस दोघांनी "हं" आणि "बरं" यांवर काढले.

नक्षीबाई हे त्यांचं गिरणीतलं नाव. उभी हयात त्यांनी कापडावरची नक्षी काढण्यात घालवली होती. चादरींवरच्या वेली, पडद्यांवरची फुलं, उशांच्या अभ्र्यांवरची पानं. आधी कागदावर, नंतर कंप्युटरवर. गिरणीचा तो विभाग बंद झाला तेव्हा त्यांचा कंप्युटर त्यांनाच देऊन टाकला. नक्षीचा प्रोग्राम त्या एकाच मशीनला बांधलेला होता. बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती, त्यामुळे दुसऱ्या कंप्युटरवर तो पाऊल टाकायला तयार नव्हता. नवीन मशीन घ्या म्हणणाऱ्यांना बाई म्हणत, "घोडा नवा मिळेल हो, पण माझं खोगीर त्याला बसत नाही."

आणि आता त्याच म्हाताऱ्या घोड्यावर त्यांनी आयुष्यातलं सर्वांत मोठं काम लादलं होतं. गावातल्या नाट्यगृहाचा रंगमंचाचा पडदा नवा व्हायचा होता आणि व्यवस्थापिकेने त्याची नक्षी नक्षीबाईंकडे सोपवली होती. भिंतीएवढा पडदा. त्यावर लव्हाळ्यातून एकदम उडालेला बगळ्यांचा थवा. प्रत्येक बगळा वेगळा, गवताची प्रत्येक पात वेगळी. कॉपी करून चिकटवणं बाईंना मंजूर नव्हतं. एवढं मोठं चित्र त्या कंप्युटरच्या पोटात मावेना. म्हणून त्यांनी त्याचे उभे पट्टे पाडले होते. एक पट्टा उघडायचा, काम करायचं, बंद करायचा, दुसरा उघडायचा. सगळे पट्टे एकत्र आणायला गेलं की मशीन घरघरायचं आणि तोंड फिरवायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जावई कामावरून आला तेव्हा बाई कंप्युटरच्या गोठलेल्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसल्या होत्या. जावई दारात घुटमळला. बायकोकरवी विचारावं, तर बायको शंभर कोसांवर. शेवटी त्याने भिंतीकडे बघत विचारलं, "काही अडलंय का?"

बाईंनीही भिंतीलाच उत्तर दिलं. "याची मेमरी संपते. चित्र मोठं आहे."

"वाढवता येते ती," जावई म्हणाला आणि स्वतःच्याच धिटाईने दचकला.

जावई लिफ्टचा मेकॅनिक होता. कंप्युटरबद्दल त्याला चार पुस्तकी गोष्टींपलीकडे काही ठाऊक नव्हतं. पण ज्या ऑफिसांच्या लिफ्टा तो बघायचा, त्यांतल्या एका ऑफिसातले जुने कंप्युटर भंगारात निघाले होते. त्याने तिथल्या साहेबांना रीतसर विचारलं आणि दुसऱ्या दिवशी डब्यात गुंडाळून मेमरीच्या चार पट्ट्या घेऊन आला. हिरव्या, बोटाएवढ्या उंच, खालच्या कडेला सोनेरी दात.

"आधी चित्राची नक्कल दुसरीकडे काढून ठेवू," तो म्हणाला.

"मेमरी बदलल्याने चित्र कशाला जाईल? ते डिस्कवर आहे."

"जाणार नाही. पण ठेवू."

बाईंना हा माणूस पडत्या पावसात छत्रीवर छत्री धरणाऱ्यांतला वाटला. तरी त्यांनी नक्कल काढली.

कॅबिनेटचं झाकण उघडलं तर आत धुळीची गोधडी. जावयाने ब्रशने ती हलक्या हाताने झाडली, जुन्या दोन पट्ट्या काढल्या, नव्या चार खाचांत ठेवल्या आणि फुंकर घालावी इतक्या नाजूकपणे दाबल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि आतून लांबलचक पीं... पीं... ऐकू यायला लागलं.

"कोकलतोय," बाई म्हणाल्या.

जावयाचा चेहरा उतरला. त्याने पट्ट्या काढल्या, एकेक करून लावून पाहिल्या. तीच रड. बाईंनी एक पट्टी हातात घेऊन चष्मा वर केला. सोनेरी दात मळके दिसत होते. त्यांनी टेबलावरचं खोडरबर उचललं, दात हळूहळू घासून पुसले आणि पट्टी खाचेत बसवून दोन्ही अंगठ्यांनी अशी दाबली की जावयाच्या तोंडून "अहो!" निघालं. कट्ट असा आवाज झाला आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या.

"बसलीच नव्हती ती," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिला पाहुण्यासारखं टेकवलं होतं."

चारी पट्ट्या अशाच कट्ट कट्ट बसल्या. या वेळी एकच छोटी पीं झाली आणि पडदा उजळला. मेमरी चौपट झाली होती. जावई पहिल्यांदा मोकळेपणी हसला, तेव्हा बाईंना दिसलं की त्याच्या गालाला खळी पडते. इतक्या वर्षांत ही बातमी त्यांना कोणी दिली नव्हती.

मग बाईंनी सगळे पट्टे एकत्र उघडले. मशीनने बराच वेळ विचार केला आणि मग थवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरला. महिनोन् महिने ज्याचे तुकडे पाहिले, ते चित्र बाई आज पहिल्यांदा अखंड पाहत होत्या. त्या खुर्चीतून उठून मागे भिंतीपर्यंत गेल्या. जावईही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. मग जरा वेळाने चाचरत, "फक्त, तो वरचा... त्याला पाय तीन आहेत का?"

बाईंनी पाहिलं. होते. पट्ट्याच्या कडेवर आलेल्या बगळ्याचा एक पाय त्यांनी दोन्ही पट्ट्यांत काढला होता. बाई हसता हसता खुर्चीवर बसल्या. पण हसू ओसरल्यावर त्यांना जे दिसलं ते तीन पायांइतकं सोपं नव्हतं. डावीकडचं गवत दाट, काळपट आणि जड झालं होतं. ज्या दिवसांत तो पट्टा काढला, त्या दिवसांत हात तसा चालला असावा. सगळा थवा जणू त्या कोपऱ्यात ओढला जात होता.

"डावी बाजू परत काढावी लागणार," त्या म्हणाल्या.

"केव्हा द्यायचंय?"

"येत्या सोमवारी. आणि ह्या गवताला वाऱ्यासारखं डोलवायला गेलं ना, की मशीन एकेका जुडीला इतका वेळ घेतं की तेवढ्यात भात शिजेल."

मेमरीने चित्र मावलं होतं, पण वेग तोच होता. जावई रात्रीच्या जेवणापर्यंत फोनमध्ये डोकं घालून वाचत बसला आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "एक उपाय आहे. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसरच्या आत एक ठोका असतो, त्या ठोक्यावर तो काम करतो. कंपनीने ठरवलेल्यापेक्षा तो ठोका थोडा जलद करता येतो."

"पुली बदलायची," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मागाची हो. वेग वाढवायचा असला की आमच्याकडे पुली बदलायचे. माग जोरात चालायचा. फार बदलली तर धागे तुटायचे, माग तापायचा. तेच ना?"

जावई घास हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिला. "अगदी तेच."

सकाळी दोघं कामाला लागली. आधी प्रोसेसरवरचा पंखा काढला, उष्णता वाहून नेणारी, वाळून खपली झालेली जुनी पेस्ट पुसली, नवी पेस्ट मसुरीच्या दाण्याएवढी लावली. मग मशीन सुरू होताना सेटिंगचं जे निळं पान उघडतं, त्यावर जाऊन जावयाने ठोका एक पायरी वर नेला. चाललं. दुसरी पायरी. तीही चालली. गवताची जुडी आधीपेक्षा कितीतरी लवकर डोलली. जावई कॅबिनेटला तळहात लावून बसला होता, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा.

"आणखी एक," बाई म्हणाल्या.

"नको आई. इथेच बरं आहे."

"चालतंय की."

"आमच्या लिफ्टमध्ये पाटी असते, सहा माणसं म्हणून. दोर त्याहून कितीतरी जास्त पेलतो. पण आम्ही पाटी बदलत नाही."

"म्हणजे जोर आहे, आणि तुम्ही तो लपवून ठेवता!"

"लपवत नाही, राखून ठेवतो."

बाईंना ते पटलं नाही. जावई कामावर गेला. बाई शहाण्यासारख्या दुपारपर्यंत गवत काढत बसल्या. मग मनात आलं, एकच पायरी. कोणाला कळतंय? त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा सुरू करून निळ्या पानावर गेल्या आणि एकीऐवजी दोन पायऱ्या चढवल्या. जाता जाता चढलं तर चढलं.

पडदा काळा झाला तो काळाच. पीं नाही, काही नाही. बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. पंखा नुसता फिरत राहिला. लेकीला फोन करावा तर ती बिचारी वर्गात, आणि तिला यातलं काय कळणार. त्यांनी जावयाचा नंबर शोधला. तो आजवर त्यांनी एकदाही लावला नव्हता.

जावई एका इमारतीच्या लिफ्टच्या खोलीत होता. मागे कसलीशी घणघण चालली होती. "आई? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"मला काही झालं नाही. ते बंद पडलं. मी पायऱ्या चढवल्या. दोन."

मग तो म्हणाला, "घाबरू नका. आधी प्लग काढा. भिंतीतला."

"काढला."

"झाकण उघडा. आत एक गोल चपटी बॅटरी असेल, नाण्यासारखी. ती काढून ठेवा, चहा पिऊन या आणि मग परत बसवा. ते आपल्या जुन्या ठोक्यावर येईल. आणि पेचकस लावताना..."

"अरे थांब की जरा! चष्मा तरी लावू देशील?" बाई ओरडल्या. आणि जीभ चावली. "नाही, म्हणजे... तुम्ही..."

"राहू दे आई," जावई म्हणाला. त्याच्या आवाजात ती खळी ऐकू आली. "तू म्हटलेलंच बरं वाटतं. माझी आई अशीच ओरडते मला."

बॅटरी नखाने निघाली. बाईंनी चहा केला, पण तो गार होईपर्यंत नुसता हातात धरला. बॅटरी परत बसवली, प्लग लावला, डोळे मिटून बटण दाबलं. पीं. डोळे उघडले तर पडदा उजळलेला आणि कोपऱ्यात तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची. मशीनच्या हिशेबाने बाई अजून गिरणीत नोकरीला होत्या. "तुझं बरं आहे," त्या मशीनला म्हणाल्या आणि तारीख दुरुस्त केली.

संध्याकाळी जावई आला. रागावेल असं बाईंना वाटलं होतं. तो रागावला नाही. त्याने ठोका पुन्हा आपल्या दोन पायऱ्यांवर नेला आणि म्हणाला, "तिसरीला काय झालं असतं ते मलाही बघायचंच होतं. धीर होत नव्हता."

"मी तिसरी नाही केली. चौथी केली."

"मग तिसरी अजून राहिलीच की!" जावई म्हणाला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावयाने चित्र आधी जपून ठेवायला लावलं आणि मग तिसरी पायरीही केली. मशीन सुरू झालं, गवताच्या एका जुडीपर्यंत पोचलं आणि गोठलं. दोघांचं समाधान झालं. ठोका दुसऱ्या पायरीवर आला आणि तिथेच राहिला.

पुढचे दिवस बाईंनी डावी बाजू पुन्हा काढली. तिसरा पाय पुसला, गवत विरळ केलं, मधून मधून पाण्याच्या रेघा सोडल्या. जावई कामावरून आला की स्टूल ओढून बसायचा आणि लांबून बघितल्यावर कुठे जड वाटतंय ते सांगायचा. कधी बाई ऐकायच्या, कधी "तुझ्या लिफ्टकडे बघ जा" म्हणायच्या. रविवारी दुपारी शेवटची पात झाली आणि सोमवारी सकाळी नक्षी कापड छापणाऱ्यांकडे गेली.

लेक परत आली त्या दिवशी ती दारात बॅग ठेवते न ठेवते तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, ती कढई उतरव, करपेल!" आणि नवऱ्याचा, "उतरवली, तू ओरडू नकोस." ती तिथेच बॅगेवर बसली. "काय रे," ती म्हणाली, "मी चुकीच्या घरात आले का?"

महिन्याभराने नाट्यगृहात नवा पडदा लागला. तिघं गेली. पहिली घंटा झाली तेव्हा दिवे मंदावले होते आणि थवा रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत होता. लोक बोट दाखवून आपसांत बोलत होते. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी बगळे मोजत होती आणि दर वेळी आकडा चुकत होती. बाईंना एकेक बगळा काढला तो दिवस आठवत होता. पण त्यांनी डोळे भरून पाहावं तोच तिसरी घंटा झाली, पडदा बाजूला सरला आणि थवा दोन्हीकडच्या घड्यांत मिटून गेला. नाटक चांगलं होतं म्हणतात. बाईंचं लक्ष नव्हतं.

मध्यंतर झालं. लोक बाहेर चहाला गेले, लेकही गेली. पडदा परत मिटून समोर आला होता. रिकाम्या रांगांमध्ये बाई तेवढ्या बसून होत्या.

जावई दोन पेले घेऊन आला आणि शेजारी बसला. "चल ना बाहेर, पाय मोकळे होतील."

"बाहेर काय आहे बघायला?" बाई म्हणाल्या. "माझं नाटक आत्ता सुरू झालंय. बस गुपचूप."

जावयाने पेला त्यांच्या हातात दिला, पाय लांब केले आणि दोघंही समोर बघत चहा प्यायला लागली.