जड नाव

बीडच्या तालुकदार कचेरीतून हजचे तीन परवाने हातात पडले, त्या दिवशी रहीमनं अख्ख्या गल्लीला रेवड्या वाटल्या. रहीम छागली शिवायचा. उन्हातान्हात कातड्याच्या छागलीतलं पाणी कसं गार राहतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, आणि बीडची छागल म्हटली की तिला तोड नव्हती. इथून हजला जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडून एक छागल घेऊन जायचा. ‘माझ्या छागली मक्केला पोचल्या, मी मात्र अजून इथंच,’ असं तो हसत म्हणायचा, आणि त्या हसण्यात किती दुखतं ते त्याची बायको आमिनाबी ओळखून होती. त्यात आता टाके घालून घालून त्याच्या डोळ्यांवर सारा येऊन दिसणं धूसर होत चाललं होतं. लढाई संपून जहाजं पुन्हा सुरू झाली होती. यंदा गेलो नाही तर काबा नुसता हातानं चाचपावा लागेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

तीन परवान्यांवर मुन्शीनं वळणदार उर्दूत तीन नावं लिहिली होती. पहिलं रहीमचं. दुसरं आमिनाबी, जौजे रहीम, म्हणजे रहीमची बायको. तिसरं हजरा, दुख्तर रहीम, म्हणजे रहीमची मुलगी. हजरा चौदा-पंधराची होती. तिच्या आधीची चार लेकरं कबरस्तानात, एका लिंबाखाली होती. त्यामुळं पोरीला मागं ठेवून जायचा विचारसुद्धा घरात कुणी काढला नाही. पोरीला हजपेक्षा समुद्राचं अप्रूप जास्त. बिंदुसरेला पूर आला की तो समुद्राएवढा असतो का, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटायची.

मानमोडीची साथ सरली असं सगळे म्हणत होते, तेव्हाच ती साथ शेपूट आपटून गेली आणि नेमकी हजरावर. पोर तापानं फणफणली. छातीत घरघर सुरू झाली. हकीम हात टेकून गेला. शेजारची सुंदरबाई माळीण रात्रंदिवस उशाशी बसून होती, तिनंही शेवटी पदर तोंडाला लावला. तेव्हा आमिनाबी दर्ग्यातल्या म्हाताऱ्या हजरतांच्या पायाशी जाऊन बसली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोरीचं नाव विचारलं. मग म्हणाले, नाव भारी पडलंय. लेकरासाठी उन्हात धावली त्या माऊलीचं हे नाव, एवढ्याशा पोरीला ते कसं पेलणार. नाव बदला. मौत ज्या नावानं शोधत येते त्या नावाची घरात कुणी राहिलीच नाही, तर ती उंबऱ्यावरून माघारी जाईल. पण मग जुनं नाव हाकेत घ्यायचं नाही, बोलण्यात घ्यायचं नाही आणि कुठं लिहायचंही नाही.

त्याच दिवशी पोरीचं नाव नन्ही ठेवलं. इतकं हलकं नाव की कुणाची नजरही त्यावर ठरू नये. दारोदार साखर वाटून सगळ्यांना ताकीद दिली. सुंदरबाईला कुणी सांगायचीही गरज नव्हती. नवऱ्याचं नाव जन्मभर टाळलेल्या बाईला आणखी एक नाव टाळणं काय अवघड. ती भिंतीवरून ‘नन्ने, ए नन्ने’ अशी हाक मारायला लागली. आणि खरंच, आठवड्याभरात पोर उठून बसली. खोकला तेवढा राहिला.

हे सगळं झालं, आणि मग रहीमला परवाने आठवले. तो कचेरीत गेला आणि हसतच घरी आला. पेशकार भला माणूस निघाला होता. त्यात काय मोठं, म्हणाला. जुन्या नावाखाली ‘उर्फ नन्हीबी’ असं लिहून शिक्का मारतो, पान खाऊन होईतो काम होईल. कोरा करकरीत नवा परवाना हवा असेल तर मात्र कागद हैदराबादेला जाणार, मग पुढच्या सालाची गोष्ट.

आमिनाबीचा पीठ मळणारा हात तसाच थांबला.

“उर्फ म्हंजे?” तिनं विचारलं.

“म्हंजे ही आन् ती येकच. दोन्ही नावं शेजारी शेजारी.”

“मंग मौतीला घरचा पत्ताच लिहून देताव की आपण. ती शोधत फिरायलीय, आन् तुमी सरकारी शिक्का मारून सांगायलेत, ती बघा, तिथं लपून बसलीय.”

बायकोची ही नुसती समजूत आहे असं रहीमनं मनाला बजावून पाहिलं, पण ती समजूत त्याचीही होती. मग जाऊच नये, असं आमिनाबीनं सांगून टाकलं. रहीम नुसता दारात बसून राहिला आणि हातातली छागल डोळ्यांजवळ नेऊन टाका कुठं पडला ते शोधत राहिला. आत पोर तोंड फिरवून रडत होती. मेलेल्या चार लेकरांसाठी रडली नव्हती तेवढी आमिनाबी त्या दोन-चार दिवसांत मनातल्या मनात रडली. आणि अचानक एके दिवशी तिनं पेटी भरायला घेतली. परवाने होते तसेच कापडात गुंडाळून ठेवले. कफनाची कापडं दोघांचीच घेतली, आपलं आणि रहीमचं. हजला निघालेला म्हातारा माणूस कफन बरोबर नेतोच. पोरीच्या नावानं ते कापड फाडायला तिचा हात धजला नाही.

बैलगाडीनं गेवराई मागं टाकली आणि शहागडला गोदावरी ओलांडायला ते नावेत बसले, तेव्हा तिनं मनातली गोष्ट रहीमला सांगितली. बंदरावर त्या नावाचा पुकारा झाला की मी पुढं होईन. आमिनाबी म्हणून पुकारा झाला की पोर पुढं होईल. दोघी बुरख्यात, दोघी सारख्याच उंचीच्या. कोण बघतंय.

“आन् माझी पोर माझी बायकू म्हणून हुभी राहणार?” रहीमचा आवाज चिरकला. “तौबा. कोणत्या तोंडानं बघू मी?”

“तुमी बघूच नका. गप हुभं राहा. त्ये नाव तिला जड हाय, मला न्हाई. माझी हाडं जुनी हायेत. मौतीला त्या नावाचं कुणी पायजेच आसंल, तर मला घेऊन जाऊ द्या. पोर माझ्या नावाखाली सुखरूप राहील.”

रहीम नदीकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांना ती बहुतेक धुरकट दिसत असावी. काबा बघायची आस त्याला होतीच, आणि बायकोनं वाट काढून दिली होती. तो नको म्हणाला नाही. दुसऱ्या रात्री जालन्याच्या ठेसनावर आमिनाबी गेल्या कित्येक महिन्यांत झोपली नव्हती अशी गाढ झोपली.

मुंबईच्या बंदरावर सगळं तिनं म्हटल्यासारखंच झालं. माणसांचा नुसता महापूर होता. लाकडी मेजामागं बसलेला कारकून घामानं भिजलेला, कागदावरून मान वर न करता नावं पुकारत होता. “हजरा, दुख्तर रहीम.” आमिनाबी पुढं झाली आणि म्हणाली, “हाजिर.” कितीतरी दिवसांनी ते नाव कानांवर पडलं होतं. आता ते आपलं झालं, असं तिला वाटलं. मग “आमिनाबी, जौजे रहीम” असा पुकारा झाला. आईच्या बांगड्या हातात घालून पोर पुढं झाली. तिनं बारीक आवाजात “हाजिर” म्हटलं, आणि बुरख्याआड तिला हसू आवरेना. तिला हा सगळा खेळ वाटत होता. रहीम दोघींकडं पाठ करून उभा होता.

जहाजावर पोरीनं समुद्र पाहिला. पहिल्या दिवशी ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “अम्मा, याला पल्याडचा काठच न्हाई.” डेकवर पावसाचे शिंतोडे यायचे, वारं अंगाला झोंबायचं, तरी ती कठड्यापासून हलायची नाही. आमिनाबीनंही तिला अडवलं नाही. तिचं सगळं लक्ष स्वतःकडं होतं. डोकं जरा दुखलं की तिला बरंच वाटायचं. आपलं कफन पेटीत कुठं आहे ते तिनं रहीमला दाखवून ठेवलं होतं. मौतीची एवढी तयारी करून कुणी वाट बघितली नसेल. पोरीच्या खोकल्याकडं तिनं बघायला हवं होतं, पण पोर तर तिच्या नावाखाली सुखरूप होती.

मग ताप आला, तोच, छातीत घरघर करणारा. जहाजावरचा डॉक्टर आला, नाव विचारलं आणि औषधाच्या बाटलीवर आमिनाबी लिहून गेला. ती बाटली हातात धरून आमिनाबी पोरीच्या उशाशी बसली, आणि चूक झाली, चूक झाली, असं पुटपुटत राहिली. पत्ता चुकला तुझा. मी हाय ती. हिकडं बघ. बाजूच्या बायकांना वाटलं की बाई दुवा मागतेय. पोर दोन दिवस झुंजली. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाची अजान डेकवर चालू असताना ती गेली.

पोरीच्या मापाचं कफन एकच होतं, आईचं. दोघींची उंची सारखी होती, ते अगदी मापात बसलं. नमाज झाली. जहाजाचा कारकून वही घेऊन आला आणि त्यानं सगळ्यांसमोर वाचलं, की आमिनाबी, जौजे रहीम, मुक्काम बीड, सफरीत मयत. मग त्यानं रहीमच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, सबर करा मियाँ, आता तुमच्या लेकीकडं बघून जगा. रहीमनं बोलायला तोंड उघडलं. पण कुणाला सांगणार, की मी माझ्या लेकीला बायको म्हणून जहाजावर चढवलं? त्याचं तोंड तसंच मिटलं.

दोरीनं बांधलेली ती गाठोडी पाण्यात सोडताना आमिनाबीला ते कळलं. इतके दिवस ती म्हणत होती की मौतीनं चूक केली. मौतीनं काहीच चूक केली नव्हती. ती आमिनाबीला न्यायला आली होती. जुनी हाडं, सरत आलेलं आयुष्य, तिचीच वेळ भरली होती. आणि तिच्या जागी, तिच्या नावानं, तिच्या बांगड्या घालून, तिनं आपल्या हातानं पोरीला उभं केलं होतं. पोर नन्हीच राहिली असती, घरी राहिली असती, उर्फ लिहून गेली असती, तर मौत तिच्यावरून निघून जाऊन आईपाशी थांबली असती. हा विचार एकदा तिच्या डोक्यात शिरला तो पुन्हा निघाला नाही, आणि तो खोटा आहे असं तिला सांगू शकेल असं त्या जहाजावर कुणी नव्हतं. रहीमही नाही.

मक्केत सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या तिनं मारल्या. तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत इथंच ती माऊली धावली होती, जिचं नाव आता हिच्या परवान्यावर होतं. तिच्या लेकराच्या टाचेखाली झरा फुटला. आमिनाबी धावली आणि थांबली. रहीमनं काबा पाहिला. लोकांनी विचारलं तेव्हा, पाहिला, एवढंच तो म्हणाला. आपणच शिवलेल्या छागलीत त्यानं जमजमचं पाणी भरून घेतलं, आणि बीडला येईपर्यंत त्यातला एक घोट तोंडाला लावला नाही.

गाडी गल्लीत शिरली तशी सुंदरबाई हातातली भाजी टाकून पळत आली. दोघंच उतरलेली बघून ती जागच्या जागी थांबली. नन्ही कुठाय, असं तिनं विचारलं नाही. आमिनाबीनंच सगळं सांगितलं, एका दमात, कोरड्या डोळ्यांनी. आणि शेवटी म्हणाली,

“सुंदरबाई, आमिनाबी दर्यात गेली. सरकारच्या वहीत लिहिलंय तसं. आता मी हजरा. मला त्याच नावानं हाक मारायची. भिंतीवरनं, मोठ्यानं. आख्ख्या गल्लीला ऐकू गेली पायजे.”

सुंदरबाईनं दोन्ही हातांनी तिचे दंड धरले. “आगं, त्या नावानं कावून? कोण ऐकंल...”

“मौतीनंच ऐकावं म्हणून.”

त्या रात्री रहीमलाही तिनं हेच सांगितलं, तर तो उठून कबरस्तानाकडं निघून गेला. लेकीच्या नावानं बायकोला हाक मारायला त्याची जीभ पुढं कधीच उचलली नाही. मरेपर्यंत त्यानं तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. सुंदरबाई मात्र चार दिवस नको नको म्हणाली, आणि पाचव्या दिवशी बाईची ती नजर बघवेना म्हणून दिवेलागणीला भिंतीपाशी उभी राहिली. मग तिनं डोळे मिटून हाक मारली, “हजराऽ.”

“हाय गं,” आतून लगेच उत्तर आलं. “हितंच हाय. कुठं बी गेले न्हाई.”

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ही हाक पडायची, आणि रोज आतून ओ यायची. आमिनाबी दार उघडं टाकून उंबऱ्यापाशी बसलेली असायची, कुणी यायचं असलं तर त्याला घर सापडावं म्हणून. रहीमचे डोळे गेले, मग रहीम गेला. सुंदरबाईही गेली, मग तिची सून हाक मारायला लागली. पुढं नव्यानं राहायला आलेल्यांना तर तिचं खरं नाव हजराच वाटायचं. ज्या नावाचा भार एका पोरीला पेलला नाही, त्या नावानं म्हातारीला साधा तापसुद्धा आणला नाही. दात पडले, कंबर वाकली, तरी ती जगली. फार जगली.