रिकामा ठेवलेला चौकोन

सुजित नऊ मतांनी पडला आणि त्याला पाडला मी. आज हे लिहितोय, कारण तोंडाने सांगायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली होती.

२००९ साल होतं. दर सेमिस्टरला सिडनीत विमानं भरभरून आपली पोरं उतरत होती. आमच्या युनिव्हर्सिटीत विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाला तिघे उभे होते: इथलाच टिम, पुण्याचा यतीन आणि माझा रूममेट, नागपूरचा सुजित. यतीन माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणून मी त्याचा प्रचारप्रमुख. सुजितचं म्हणणं एकच होतं, संध्याकाळच्या लेक्चरनंतर स्टेशनपर्यंत बस हवी. त्या वर्षी त्या वाटेवर आपल्या पोरांना मारहाण होत होती. आमच्या वर्गातली यामिनी रोज चाव्या मुठीत घट्ट धरून वीस मिनिटं चालायची.

इथे एकाच नावावर मत देऊन भागत नाही. आवडत्या उमेदवारापुढे एक लिहायचं, त्याच्या खालोखाल जो वाटतो त्याच्यापुढे दोन. तिसरा आलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका ज्याच्यापुढे दोन असेल त्याला जातात. दोन लिहिलंच नसेल तर ती मतपत्रिका बाजूला पडते. यतीन आणि सुजित यांचं ठरलं होतं की आपापल्या मतदारांना एकमेकांसाठी दोन नंबर लिहायला सांगायचं.

सुजितने शब्द पाळला. मी मात्र आमच्या पोरांना कॅन्टीनमध्ये जमवून सांगितलं, "फक्त यतीनपुढे एक लिहा. बाकीचे चौकोन रिकामे ठेवा."

यामिनी म्हणाली, "अरे हृषी, सुजितला टू द्यायचं ठरलंय ना?"

"टू दिलं की आपलं वन वीक होतं," मी ठोकून दिलं. साफ खोटं होतं आणि मला ते माहीत होतं.

का केलं असं? सुजितचं आडनाव ऐकून पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "म्हणजे नेमके कुठले?" तो म्हणाला, "आम्ही बौद्ध." आणि त्याने भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. मी मोठा उदार होऊन म्हणालो, "आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत." पाळत नव्हतोच, तो माझ्या शेजारी होता तोवर. तो माझ्या वर जाऊन बसणार म्हटल्यावर मात्र मला ते सहन होईना. यतीन हरला असता तरी चाललं असतं, टिम आला असता तरी चाललं असतं. मला कांजिण्या झाल्या तेव्हा याच सुजितने शिफ्ट सोडून दहा दिवस मला पेज करून घातली होती. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नाही.

टिमला ४१२, सुजितला ३९८, यतीनला १७३. यतीन बाद झाला. त्याच्या मतपत्रिका वाटल्या तेव्हा टिमला एकसष्ट गेल्या, सुजितला सहासष्ट. सेहेचाळीस बाजूला पडल्या, त्यांच्यावर फक्त एक लिहिलेलं होतं. टिम नऊ मतांनी निवडून आला.

घरी आल्यावर सुजितने चहा टाकला. "फॉर्टी सिक्स, यार," तो म्हणाला. "आपलीच पोरं असणार. तिकडे एकच बटण दाबायची सवय. मीच नीट समजवायला हवं होतं."

मी टेबलावरची प्रचाराची पत्रकं गोळा करायला लागलो.

"नेक्स्ट इयर तू समजव. तुझं ऐकतात सगळे." माझ्यापुढे कप ठेवून तो तसाच उभा राहिला, जरा जास्तच वेळ.

सांगून टाक, सांगून टाक, असं आत चाललेलं होतं.

"नो वरीज, मेट," मी म्हणालो.

सोमवारी संध्याकाळी लेक्चर सुटल्यावर मी आपण होऊन यामिनीबरोबर स्टेशनपर्यंत निघालो. बस तर मीच घालवली होती, निदान सोबत तरी करावी म्हणून. अर्ध्या वाटेत न राहवून मी म्हणालो, "ते कॅन्टीनमधलं सुजितला सांगू नकोस, प्लीज."

ती थांबली. चाव्या अजून मुठीतच होत्या.

"मी त्याला काउंटिंगच्या आधीच सांगितलंय," ती म्हणाली. "तो म्हणाला, कुणाला बोलू नको. हृषी स्वतःच येऊन सांगेल मला."