मुंग्यांची साक्ष

आजाऱ्याच्या कागदावर न तपासता ‘साखर नाही’ असे लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? मी त्याला पापी म्हणते. मी येरमाळ्याच्या एका खाजगी दवाखान्यातील काचेची परीक्षानळी बोलते आहे.

सन १९५६ मध्ये मी येथे आले. माझे काम एकच. पोटात निळे औषध घ्यायचे, त्यात रोग्याच्या लघवीचे आठ थेंब घ्यायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. रंग निळाच राहिला, तर साखर नाही. विटेसारखा तांबडा झाला, तर मधुमेह. कोणाचे तोंड पाहून मी कधी रंग बदलला नाही.

उत्तरेश्वर कंपाउंडर मात्र दिव्याचे स्पिरिट चोरून नेई आणि पाणी घालून पीत असे. दिवा कोरडा, म्हणून मीही कोरडी. रोग्याची लघवी तो मागच्या पडवीत ओती. मुंग्या लागल्या तर साखर, नाही तर नाही. जुनी माणसे असेच करीत. पण त्यांच्याजवळ मी नव्हते. याच्याजवळ होते.

एके दिवशी तेरखेड्याची मैमुनाबी आली. फटाक्यांत दारू भरताना तिचा उजवा हात भाजला होता. दीड महिना जखम भरत नव्हती. डॉक्टर मल्लिनाथांनी लघवी तपासायला सांगितली. साखर निघाली, तर इंजेक्शने सुरू करायची होती.

“कंपौंडरसाब, ह्या हातावर चार लेकरं जगत्यात. नीट बघा.”

“बघतो की! का तुझ्या लेकरांला घास बी मीच भरवू? बस तिथं.”

पडवीत एकही मुंगी फिरकली नाही. फिरकणार कशी? हिवतापाच्या फवारणीवाल्यांनी आदल्या दिवशीच तेथे डीडीटी मारली होती.

झाडलोट करणारी शांतम्मा म्हणाली, “अवो, मुंग्या कालच मेल्या की सगळ्या!”

“तू कवापासून डॉक्टरीण झालीस?” असे म्हणून त्याने कागदावर लिहिले: साखर नाही.

डॉक्टरांनी कागदावर विश्वास ठेवला. हा त्यांचा दोष मी लपवीत नाही. मलम दिले, आणि अशक्तपणा जावा म्हणून रोज गूळ खाण्यास सांगितले. गूळ!

पंधरा दिवसांनी मैमुनाबीला धरून आणावे लागले. हात कोपरापर्यंत काळा पडला होता. डॉक्टरांनी स्पिरिटची नवी बाटली फोडली आणि मला स्वतः दिव्यावर धरले. मी तांबडी झाले. तेव्हा शांतम्माने पडवीतला प्रकार सर्वांसमोर सांगितला.

सोलापुरात हात कापला. परतल्यावर मैमुनाबी उत्तरेश्वरासमोर उभी राहिली.

“मी हात दावायला आले व्हते, कंपौंडरसाब. तुमी मुंग्या बघत बसलात.”

डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याला काढून टाकले.

आता माझ्या काठाला तडा गेला आहे. उद्या दुसरी नळी येईल. तिला कोरडी ठेवू नका, एवढेच मागणे आहे.

उत्तरेश्वराचे सांगायचे राहिलेच. नोकरी गेली, पण त्याचे स्पिरिट सुटले नाही. पुढल्या वर्षी तो पॉलिशवाल्यांचे विषारी स्पिरिट प्याला. त्याला याच दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी दोन दिवस झटून त्याचा जीव वाचवला. दोन्ही डोळे मात्र कायमचे गेले.