चांदोबाची गोळी

“साहेब, माझ्या नवऱ्याचं मूत्रपिंड तुम्ही घालवलंत.”

रक्तदाबाचा पट्टा गुंडाळणारा डेपोच्या डॉक्टरचा हात थांबला. समोर उभी बाई त्याच डेपोतली कंडक्टर.

“बाई, आवाज जरा खाली.”

“आवाजाचाच पगार घेते मी.”

नवरा ड्रायव्हर. कंबर दुखायची, लघवी अडायची. सगळे म्हणायचे, ड्रायव्हरचं दुखणं, चालायचंच. मोठ्या हॉस्पिटलात खरं काय ते कळलं. अंगाची राखणदार फौजच त्याच्या पोटावर उलटली होती. लघवी खाली आणणाऱ्या नळ्यांभोवती वाळल्या डिंकासारखं घट्ट जाळं धरलं होतं. कॅन्सर नव्हता. स्टेरॉइड सुरू झालं, जाळं सैल पडलं, माणूस झोपू लागला. तोंड तेवढं गरगरीत सुजलं, रक्तातली साखर चढली. डेपोत त्याचं नाव पडलं चांदोबा. तोही म्हणायचा, “अमावस्येची सुट्टी द्या म्हणजे झालं.”

मग तपासणीला हा डॉक्टर म्हणाला, “हे थोबाड, ही साखर, आणि गाडी चालवणार? आधी त्या गोळ्या बंद, मग सही.”

हॉस्पिटलने बजावलं होतं, एकदम सोडायची नाही, थोडी थोडी उतरवायची. पण ड्रायव्हरला डॉक्टर एकच खरा: ज्याच्या सहीने स्टिअरिंग हातात येतं. त्याने त्याच दिवशी गोळी बंद केली. सही मिळाली. आठवड्यात तो फलाटावर भोवळ येऊन कोसळला. पुढे जाळं पुन्हा आवळत गेलं आणि डावं मूत्रपिंड कामातून गेलं. आता हाच डॉक्टर मॅनेजरला सांगून मोकळा, की औषध त्याने आपल्या मनाने सोडलं. म्हणजे दोष सगळा त्याचाच, नोकरीवरही पाणी. नवरा घरी भिंतीकडे तोंड करून म्हणतो, जाऊ दे, माझीच अक्कल गहाण पडली.

“एकदम सोड असं मी कुठे म्हणालो?” डॉक्टर म्हणाला.

“हळूहळू सोड असं म्हणालात?”

“हॉस्पिटलला विचारायला नको त्याने?”

“आणि तुम्ही? एक फोन केला असता तर बोटं झिजली असती? चेहरा बघून औषध बंद करायला लावलंत. पोटात काय चाललंय ते विचारलंत?”

“माझी ड्यूटी गाडी सुरक्षित चालते की नाही ते बघण्याची आहे.”

“गाडी सुरक्षित आहे, साहेब. चालवणारा मोडला.”

आवाज ऐकून मॅनेजर दारात आला. डॉक्टर पट्टा पेटीत कोंबू लागला. बाईने पेटीचं झाकण हाताने दाबून बंद केलं.

“आता यांच्यासमोर बोला. गोळी कोणी बंद करायला लावली?”