दादाचं शेवाळ

आमचा दादा समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करतो. शेवाळाचा अर्क मेंदूच्या पेशी झिजू देत नाही, हे तो गेली कित्येक वर्षं उंदरांना पटवतोय. उंदरांना पटलंय म्हणे. त्यांना सोडून कुठे जाता येत नाही, रविवारीही नाही. आई विसरायला लागली तेव्हा मला वाटलं, आता तरी हा धावत येईल. आल्या त्या कॅप्सूल, कुरियरनं. सोबत निरोप: नेमानं दे, निकाल मी येऊन बघतो.

मी दिल्या. आईच्या तोंडाला मासळीबाजाराचा वास यायला लागला, तरी दिल्या. मी दादाची कितीही टिंगल केली तरी मनातून हात जोडून होते, की हे लागू पडू दे. आईनं त्याला ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

तीन वर्षांनी दादा उगवला, तो कॅमेऱ्याचा स्टँड घेऊनच. कुठल्याशा परिषदेत त्याचं भाषण होतं आणि त्यात आई दाखवायची होती. बूटही न काढता त्यानं मला उंदरांची परीक्षा समजावली. पिंजऱ्यात दोन वस्तू ठेवायच्या, एक ओळखीची, एक नवी. ज्याची स्मरणशक्ती शाबूत, तो उंदीर ओळखीच्या वस्तूकडे ढुंकूनही पाहत नाही, सगळा वेळ नवीलाच हुंगत बसतो. ज्याला काही आठवत नाही, त्याला दोन्ही सारख्याच. अर्क घेतलेले उंदीर नव्या वस्तूला सोडतच नाहीत, हे सांगताना त्याचा ऊर भरून आला. स्वतःच्या पोरांबद्दल बोलतानाही कधी आला नव्हता.

मग कॅमेरा सुरू करून तो आईसमोर खुर्ची ओढून बसला. मी आईशेजारी पलंगावर होते.

आईनं त्याला न्याहाळलं. शर्टाची बटणं चाचपली. त्याचा चष्मा काढून पाहिला, परत लावला. हनुवटी धरून त्याचं तोंड इकडून तिकडे वळवलं. वर्षभरात तिनं कशातच एवढं लक्ष घातलं नव्हतं. दादाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघितलंस? माझ्यावरून नजर हटत नाहीये तिची. लागू पडलंय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ माझं कधी ऐकते?

"दादा, तुझा हुशार उंदीर कशाला हुंगत बसतो म्हणालास?"

तो उत्साहानं सांगायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. आई त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघत होती. तिनं अगदी आदबीनं विचारलं, "तुम्ही फार लांबून आलात का?"

"हो," दादा म्हणाला.

कॅमेरा चालूच होता. आईला गारठा जाणवला असावा. माझ्याकडे न बघताच तिनं दोन्ही पाय माझ्या मांडीवर टाकले, मोजे घालायला.